६० मैलांची युद्धकाळातली रेल्वे: एवढी कमाई होऊनही मोडीत का निघाली?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या, म्हणजे १८६१ ते १८६५ मधल्या, दक्षिणेकडच्या छोट्या रेल्वे कंपन्यांचे वार्षिक अहवाल तुम्ही वाचलेत. उत्पन्न वर्षागणिक वाढतंय, भागधारकांना लाभांश मिळतोय, काही कंपन्यांनी तर युद्धाआधीचं कर्जही फेडून टाकलंय. आणि १८६५ मध्ये त्याच कंपन्यांकडे धड रूळ नाहीत, धड इंजिन नाही. तुम्ही विचारलंय की मधला पैसा गेला कुठे, संचालकांनी खाल्ला का?

काही ठिकाणी खाल्लाही असेल. पण एकाही माणसाने एक पैसा खाल्ला नसता तरी शेवट हाच झाला असता. त्या अहवालांत जो नफा दिसतो तो बराचसा रूळ, स्लीपर (रुळांखालचे आडवे लाकडी ओंडके) आणि इंजिनं झिजवून मिळालेला आहे, आणि ती झीज हिशेबात कुठेच लिहिलेली नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, हातात पैसा असताना ती झीज भरून काढणं १८६२ नंतर जवळपास अशक्य होतं. म्हणून पैसा कुठे गेला यापेक्षा लोखंड कुठे गेलं, याचा माग काढावा असं मला वाटतं.

मी रेल्वेत पी-वेकडे, म्हणजे रूळमार्गाच्या देखभालीच्या कामात, नोकरी केली. त्यातली बरीच वर्षं खानदेशातल्या नॅरोगेज शाखेवर गेली. छोट्या लाइनला नवं सामान शेवटी मिळतं, आणि कपातीची वेळ आली की पहिली कात्री तिच्यावरच चालते. अशी लाइन कशी तगते आणि कुठून खचायला लागते हे मी जवळून पाहिलंय. निवृत्तीनंतर जुन्या कंपन्यांचे अहवाल वाचायची गोडी लागली, तीही त्यामुळेच.

एक गोष्ट आधी मान्य करतो. दक्षिणेत युद्धाच्या सुरुवातीला शंभरावर कंपन्या होत्या आणि सगळ्या मिळून सुमारे ९,००० मैल लाइन. सगळ्यांची गत सारखी झाली नाही. लाइन मुख्य मार्गावर होती की कुठल्या फाट्यावर, आघाडीपासून किती लांब होती, गाडी कोणाचा माल वाहत होती, आणि हातातली नोट संचालकांनी किती लवकर दुसऱ्या कशात बदलून घेतली, यावर बरंच अवलंबून होतं. खोल जॉर्जियातली कंपनी आणि व्हर्जिनियातली आघाडीलगतची कंपनी यांना एका मापाने मोजता येणार नाही. मी पुढे एकच लाइन नजरेसमोर ठेवून बोलतो. तिच्यावर लागू पडतं ते तुमच्या अहवालांवर कितपत लागू पडतं, ते तुम्ही ताडून पाहा.

ती लाइन म्हणजे पीटर्सबर्ग रेलरोड. व्हर्जिनियातल्या पीटर्सबर्गपासून दक्षिणेला नॉर्थ कॅरोलायनातल्या वेल्डनपर्यंत जेमतेम ६० मैल. लोक तिला वेल्डन रेलरोडच म्हणत. सनद १८३० ची, गाड्या १८३३ पासून. सुरुवातीला लाकडी तुळयांवर लोखंडी पट्ट्या ठोकून केलेला मार्ग होता, त्या काळच्या पद्धतीप्रमाणे. शांततेत ही एक साधी, बेताची कंपनी होती. युद्धात ती एकदम कळीची झाली, कारण वेल्डनला विल्मिंग्टन बंदराकडून येणारी मोठी लाइन मिळत होती. उत्तरेच्या आरमाराने किनाऱ्याची नाकेबंदी केली होती. ती चुकवून जो माल विल्मिंग्टनला उतरायचा, तो या ६० मैलांवरून पीटर्सबर्गला आणि तिथून पुढे दक्षिणेची राजधानी रिचमंडला जायचा. दक्षिणेचा सेनापती जनरल ली याच्या सैन्याचं धान्य, मांस, दारूगोळा यांचा मोठा भाग याच रुळांवरून गेला.

आता या लाइनचा हिशेब माझ्या पद्धतीने मांडतो. आकडे कंपनीच्या वहीतले नाहीत. त्या काळच्या साधारण मापांवरून मी धरलेले आहेत, हे ध्यानात ठेवा.

यार्डाला ५० पौंड वजनाचा रूळ धरला तर एकेरी मार्गाच्या एका मैलाला सुमारे ७९ टन लोखंड लागतं. ६० मैलांना साधारण ४,७०० टन, सायडिंगं (गाड्या बाजूला घ्यायच्या लाइनी) वेगळी. त्या वेळचा रूळ पोलादाचा नव्हता, घडीव लोखंडाचा होता. लोखंडाच्या पट्ट्या एकावर एक रचून, तापवून, लाटून तो बनवायचे. तो वरून हळूहळू घासत जात नाही. त्याचे थर सुटतात. सांध्यापाशी चाक आदळतं, तिथे रुळाचं टोक आधी चेपतं, मग माथ्याचा एखादा थर पापुद्र्यासारखा उलगडायला लागतो. एकदा उलगडला की त्यावरून जाणारं प्रत्येक चाक तो आणखी उचकटतं. बेताची वाहतूक असेल तर असा रूळ १२ वर्षं टिकतो असं धरू. म्हणजे लाइन आहे तशी राखायला दरवर्षी ३९० टनांच्या आसपास नवा रूळ हवा. चार वर्षांत १,५०० टनांवर, म्हणजे लाइनचा एक तृतीयांश भाग. आणि हे शांततेतल्या वाहतुकीला. युद्धात गाड्या वाढल्या, डबे खच्चून भरू लागले, झीज त्याहून बरीच जास्त झाली असणार.

स्लीपरचंही तसंच. मैलाला २,५०० धरले तर ६० मैलांना दीड लाख. न मुरवलेलं लाकूड दमट हवेत सात वर्षं धरलं, तर दरवर्षी २१,००० च्या वर स्लीपर बदलायला हवेत. जंगल भरपूर होतं, त्यामुळे लाकडाची अडचण नव्हती. अडचण होती तोडणाऱ्या, वाहणाऱ्या आणि बसवणाऱ्या हातांची. कुजका स्लीपर वरून पुष्कळदा चांगलाच दिसतो. हातोडी मारली की बद्द आवाज येतो, तेव्हा कळतं की आत भुसा झालाय. तो बदलला नाही की खिळा धरत नाही. खिळा सैल झाला की गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, पसरतो, गेज पसरला की एखाद्या वळणावर गाडी उतरते. ही साखळी कुठल्याही देशात, कुठल्याही काळात अशीच चालते.

हे हात कोणाचे होते, ते अहवाल वाचताना नजरेआड होऊ देऊ नका. व्हर्जिनिया आणि कॅरोलायनातल्या लाइनींवर खडी-माती ओढणं, स्लीपर बदलणं, इंजिनाचं सरपण तोडणं ही कामं मुख्यतः गुलाम केलेली काळी माणसं करत होती. कंपन्या त्यांना मालकांकडून वर्षभराच्या कराराने भाड्याने घ्यायच्या. करार जानेवारीत सुरू व्हायचा, खाणं-कपडे कंपनीचे, भाडं मालकाच्या खिशात. त्या माणसाला त्यातलं काही मिळत नसे. अहवालात हे सगळं देखभाल खर्चाच्या एका रकमेत मिटून जातं. उत्तरेचं सैन्य जवळ आलं तसे यातले कित्येक जण पळून त्यांच्या हद्दीत गेले, आणि आघाडीलगतच्या लाइनवर माणसं द्यायला मालक कां-कूं करू लागले. गोरे कारागीर, लोहार, फिटर यांना सैन्यभरतीने ओढलं. रेल्वेच्या माणसांना सवलत होती, पण तिची घासाघीस कायम चालू असे. थोडक्यात, १८६३ पर्यंत लाकूड होतं पण गँग अपुरी होती, आणि काम करायची इच्छा असलेल्या अधिकाऱ्यालाही करून घेता येत नव्हतं.

आता जमेची बाजू. एप्रिल १८६१ मध्ये मॉन्टगोमेरीला दक्षिणेतल्या रेल्वे कंपन्यांच्या अध्यक्षांची बैठक झाली. ठरलं असं की सैनिकाला मैलाला २ सेंट भाडं, लष्करी मालाला नेहमीच्या स्थानिक दराच्या निम्मं, आणि सरकारकडे रोख नसेल तर कंपन्यांनी कॉन्फेडरेट, म्हणजे फुटून निघालेल्या दक्षिणेच्या सरकारचे, रोखे दर्शनी किमतीला घ्यायचे. त्या वेळी कोणालाही वाटत नव्हतं की हे चार वर्षं चालेल. देशप्रेमाच्या भरात घेतलेला निर्णय होता, आणि त्या महिन्यात तो मला समजूही शकतो. पण कंपनीचं मुख्य गिऱ्हाईक यापुढे सरकार असणार, आणि ते गिऱ्हाईक निम्म्या दराने व उधारीवर प्रवास करणार, हे त्या दिवशी पक्कं झालं.

पीटर्सबर्ग ते वेल्डन एका सैनिकाचं भाडं या हिशेबाने १ डॉलर २० सेंट. १८६१ मध्ये हे जवळजवळ सोन्याचे पैसे होते. पुढे कॉन्फेडरेट नोट घसरत गेली. १८६३ च्या सुरुवातीला सोन्याच्या एका डॉलरला कागदाचे तीन, १८६४ च्या सुरुवातीला वीसच्या आसपास, १८६५ च्या सुरुवातीला पन्नास-साठ. दर मधूनमधून वाढवले गेले, पण महागाईच्या मागून धापा टाकत. समजा १८६४ पर्यंत भाडं दुप्पट झालं. म्हणजे २ डॉलर ४० सेंट, आणि सोन्यात जेमतेम १२ सेंट. वहीत मात्र तीच ओळ दुप्पट उत्पन्न दाखवते. वर गाड्याही जास्त, माणसंही जास्त. त्यामुळे बेरीज फुगलेली दिसते.

त्यात फेब्रुवारी १८६४ चा चलन कायदा आला. जुन्या नोटा एक तर चार टक्क्यांच्या रोख्यांत गुंतवा, नाही तर १ एप्रिलनंतर तीन जुन्यांच्या बदल्यात दोन नव्या घ्या. ज्या कंपनीने नूतनीकरणासाठी म्हणून नोटांचा साठा राखून ठेवला होता, तिचा एक तृतीयांश साठा असा एका फटक्यात गेला. शिल्लक राखणं हा एरवी चांगल्या कारभाराचा गुण, पण इथे राखून ठेवणाऱ्यालाच मार बसला.

घसाऱ्याची, म्हणजे झिजेपोटी दरवर्षी हिशेबात बाजूला काढायच्या रकमेची, गोष्ट तुमच्या प्रश्नाच्या सर्वात जवळची आहे. त्या काळात बहुतेक रेल्वे कंपन्या घसारा वेगळा काढत नसत. त्या वर्षी जितकी दुरुस्ती प्रत्यक्ष केली तितकाच खर्च लिहायचा. नेहमीच्या वर्षांत हे चालून जातं, कारण दरवर्षी थोडे रूळ बदललेच जातात आणि खर्च आपोआप वहीत येतो. पण ज्या वर्षी रूळ मिळतच नाहीत त्या वर्षी दुरुस्तीचा खर्च कमी दिसतो आणि नफा वाढलेला दिसतो. लाइन जितकी खिळखिळी, तितका ताळेबंद गोंडस. घरातली भांडीकुंडी विकून आलेला पैसा पगार म्हणून वहीत लिहावा, तसा हा नफा आहे.

हे फक्त अमेरिकेत घडलं असं नाही. पहिल्या महायुद्धात आपल्याकडच्या रेल्वेचं जवळपास हेच झालं. रूळ, इंजिनं, डबे मेसोपोटेमियाकडे गेले, नूतनीकरण तुंबलं, आणि त्याच काळात रेल्वे सरकारला भरघोस उत्पन्न देतेय असं दिसत होतं. भारतातल्या रेल्वेची चौकशी करणाऱ्या १९२०–२१ च्या ॲकवर्थ समितीने यावर नेमकं बोट ठेवलं. १९२४ मध्ये रेल्वेचा अर्थसंकल्प वेगळा झाला आणि घसारा निधी सुरू झाला, त्यामागे हाच अनुभव होता. मी नोकरीत असताना या निधीतून आमच्या शाखेच्या वाट्याला किती येणार यावर दरवर्षी डोळे लागलेले असत. तो निधी नसता तर आमची झीजही कोणाच्या कागदावर आली नसती.

आता समजा पीटर्सबर्गच्या संचालकांना हे सगळं कळत होतं आणि त्यांनी लाभांश थांबवून सगळा पैसा रुळांत घालायचं ठरवलं. रूळ आणायचे कुठून? युद्धाआधी दक्षिणेत रूळ प्रामुख्याने इंग्लंडहून आणि उत्तरेकडच्या राज्यांतून यायचे. एक दार युद्धाने बंद झालं, दुसरं नाकेबंदीने. नाकेबंदी चुकवणारी जहाजं हलका आणि महाग माल घ्यायची, कारण एका फेरीत जहाजाची किंमत वसूल करायची असे. रुळासारखा जड माल त्यांना परवडत नव्हता. दक्षिणेत लोखंड लाटणारे मोजके कारखाने होते. त्यातला सर्वात मोठा, रिचमंडचा ट्रेडेगर, तोफा आणि चिलखती पत्रे बनवण्यात गुंतला होता. चिलखती जहाज 'व्हर्जिनिया' याच कारखान्याच्या पत्र्यांनी मढवलं गेलं. मिसिसिपीवरच्या 'आर्कान्सॉ' जहाजाला तर चिलखत म्हणून सरळ रेल्वेचे रूळच बसवले होते. आरमार आणि रेल्वे दोघांनाही तेच लोखंड हवं होतं, आणि आरमाराचा आवाज वरपर्यंत जास्त पोचत होता.

म्हणून १८६३ मध्ये सरकारने लोखंड आयोग नेमला. त्याचं काम एवढंच की कमी महत्त्वाच्या लाइनींचे रूळ उखडून महत्त्वाच्या लाइनींना द्यायचे. पी-वेच्या दृष्टीने यात गैर काही नाही. मुख्य मार्गावरचे उतरलेले रूळ फाट्यावर घालणं आम्ही रोजच करायचो. इथे दिशा उलटी होती, फाट्याचे चांगले रूळ मुख्य मार्गावर. पण ज्या कंपनीचे रूळ उखडायचे तिच्यासाठी हा मृत्यूच, आणि भरपाई मिळणार कागदी पैशात. फ्लोरिडात डेव्हिड युली या रेल्वे अध्यक्षाने आपल्या लाइनचे रूळ न्यायला कोर्टात जाऊन हरकत घेतली, मनाईहुकूमही मिळवला. रूळ नेलेच. पीडमाँट रेलरोड ही डॅनव्हिल ते ग्रीन्सबरो अशी ४८ मैलांची जोडलाइन लष्कराला तातडीने हवी होती. सरकारने पैसा दिला, १८६२ च्या सुरुवातीला सनद मिळाली, आणि लाइन पुरी झाली मे १८६४ मध्ये. तीही बरीचशी दुसऱ्या लाइनींवरून उखडलेल्या लोखंडावर. सरकार पाठीशी, पैसा हजर, तरी ४८ मैलांना दोन वर्षांहून जास्त. सामान आणि माणसं नसली की मंजूर रक्कम नुसती पडून राहते.

अशा स्थितीत लाइनवरचा अधिकारी काय करतो, ते मी सांगू शकतो, कारण हे उपाय सगळीकडे तेच असतात. वळणावरचा आतून घासलेला रूळ फिरवून बाहेरची कड आत घ्यायची. चेपलेली टोकं कापून, नवी भोकं पाडून रूळ आखूड करून पुन्हा घालायचा. त्याने सांधे वाढतात, म्हणजे पुढची झीज आणखी वेगाने होते, पण आजची गाडी जाते. सायडिंगचे रूळ उचलून मुख्य मार्गावर आणायचे. मग गाड्यांना एकमेकींना वाट द्यायला जागा उरत नाही आणि लाइनची क्षमता घटते. शेवटचा उपाय म्हणजे वेग कमी करणं. दक्षिणेत गाड्यांचा वेग ताशी १० मैलांच्या आसपास आला. वेग निम्मा झाला की तेवढाच माल न्यायला दुप्पट इंजिनं आणि दुप्पट डबे लागतात, आणि तेच तर नव्हते. वंगणाचंही तसंच. व्हेलचं तेल आणि चरबी मिळेना, तेव्हा शेंगदाण्याचं तेल वापरू लागले. आपल्याकडे ते फोडणीला जातं, तिकडे इंजिनाच्या बेअरिंगला गेलं. त्या माणसांनी चार वर्षं गाड्या चालू ठेवल्या, हे मला त्यांच्या बाजूने सांगावंसं वाटतं. काम म्हणून पाहिलं तर ते थोर होतं. ते ज्या राज्यव्यवस्थेसाठी राबत होते ती मात्र माणसांना विकणारी होती, आणि त्या लाइनवर सगळ्यात जड काम तीच विकली जाणारी माणसं करत होती. एकाचं कौतुक करताना दुसरं मला विसरता येत नाही.

लाभांशाबद्दल माझं मत विचाराल तर १८६१–६२ मध्ये वाटलेला लाभांश चुकीचा होता. तेव्हा नोटेला किंमत होती, नाकेबंदी अजून सैल होती, आणि त्या पैशात परदेशातून सामान मागवणं किंवा निदान कापूस, सोनं असं काही घेऊन ठेवणं शक्य होतं. काही कंपन्यांनी कापूस घेतलाही. १८६४ मधल्या लाभांशावर मात्र मी फार ओरडणार नाही. त्या पैशाने नूतनीकरण होणारच नव्हतं. कर्जफेडीचंही तेच. घसरलेल्या नोटांनी जुनी कर्जं फेडणं कंपनीच्या फायद्याचं होतं, आणि जमलं त्यांनी केलं. त्यात ज्याने सोन्याच्या भावात पैसे दिले होते तो धनको बुडाला. अहवालात कर्ज कमी झालेलं दिसलं तर कंपनी सुधारली असं समजू नका.

याच चार वर्षांत आपल्याकडे काय चाललं होतं ते लक्षात आणून देतो, कारण धागा थेट आहे. दक्षिणेचा कापूस अडकला म्हणून मँचेस्टरने मुंबईकडे धाव घेतली. मुंबईत पैशाचा पूर आला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच शेअरबाजार कोसळला. त्याच काळात, १८६३ मध्ये, जीआयपीची (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीची) बोरघाटातली लाइन सुरू झाली. जीआयपीच्या भागधारकांना सरकारची पाच टक्क्यांची हमी होती आणि रूळ इंग्लंडहून जहाजाने बिनधोक येत होते. त्या हमीचा बोजा इथल्या रयतेवर पडला, तो वेगळा विषय. पण लोखंड बाहेरून येत राहिलं तर लाइन टिकते, एवढं या तुलनेतून दिसतं.

याहून बोलकी तुलना खुद्द पीटर्सबर्गलाच मिळते. जून १८६४ मध्ये उत्तरेच्या सैन्याने शहराला वेढा घालायला सुरुवात केली आणि जेम्स नदीवरच्या सिटी पॉइंटपासून आपली लष्करी रेल्वे खंदकांच्या मागून टाकत नेली. जमीन सपाट करायच्या भानगडीत न पडता, चढउतार आहे तसा ठेवून, आठवड्यांच्या हिशेबात मैलोन्मैल लाइन. ती लाइन कंपनीची नव्हती. तिला भाडं नाही, भागधारक नाही, नफातोटा पत्रक नाही. खर्च थेट सरकारी तिजोरीतून, आणि मागे पेनसिल्व्हेनियाचे रूळ बनवणारे कारखाने. उत्तरेच्या लष्करी रेल्वे खात्याने सगळ्या युद्धात मिळून ४ कोटी डॉलरहून जास्त खर्च केला. त्यांनी सगळ्यात जास्त पसारा झाला तेव्हा २,००० मैलांच्या वर लाइन सांभाळली. दक्षिणेने मात्र रेल्वे खाजगी कंपन्यांकडेच ठेवली आणि त्यांच्याकडून लष्कराचं काम निम्म्या दराने करून घेतलं. रेल्वे पूर्ण ताब्यात घेण्याचा कायदा त्यांनी केला २८ फेब्रुवारी १८६५ ला, लीच्या शरणागतीच्या जेमतेम सहा आठवडे आधी.

वेल्डन लाइनचा शेवट लढाईने झाला. १८ ते २१ ऑगस्ट १८६४ मध्ये ग्लोब टॅव्हर्नपाशी उत्तरेच्या सैन्याने ती पकडली आणि सोडली नाही. त्यानंतर वेल्डनकडून येणारा माल स्टोनी क्रीकला उतरवून बैलगाड्या-घोडागाड्यांनी वळसा घालून पीटर्सबर्गला न्यावा लागे. डिसेंबरात उत्तरेचा जनरल वॉरन याच्या सैन्याने आणखी दक्षिणेला जाऊन १६-१७ मैलांचे रूळ उखडले, स्लीपरच्या होळ्या करून त्यात वाकवले. युद्धानंतर उत्तरेच्या लष्कराने आपली इंजिनं-डबे दक्षिणेतल्या कंपन्यांना उधारीवर विकले, आणि त्या नव्या कर्जावर बऱ्याच लाइनी पुन्हा उभ्या राहिल्या. पीटर्सबर्ग रेलरोड सावरली आणि पुढे १८९८ मध्ये अटलांटिक कोस्ट लाइनमध्ये विलीन झाली.

आता तुमच्या हातातल्या अहवालांकडे. पहिल्या पानावरचं उत्पन्न बाजूला ठेवा आणि मागे जोडलेली अधीक्षकाची टिपणं आधी वाचा. त्यात त्या वर्षी किती टन किंवा किती मैल नवे रूळ घातले, किती स्लीपर बदलले, किती इंजिनं चालू आणि किती दुरुस्तीला, असे आकडे बहुधा असतात. ते १८६० च्या आकड्यांशेजारी मांडा. मैलांनी भागा, म्हणजे दोन कंपन्यांची तुलना करता येईल. रूळ बदल शून्यावर आला असेल आणि नफा वाढला असेल, तर त्या वर्षाच्या नफ्यातून मैलाला किमान साडेसहा टन लोखंडाची किंमत सोन्याच्या भावाने वजा करा. माझ्या अंदाजाने १८६३ पासून पुढे बहुतेक कंपन्यांचा आकडा तोट्यात जाईल. एखादीचा गेला नाही, तर ती कंपनी कोणती आणि तिने रूळ कुठून मिळवले, ते मला नक्की कळवा. मला ते वाचायला खरंच आवडेल.